लहान बॅटरी पुरेशी आहे

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही गाडीच्या खरेदीपुरती आहे. दुसरं काही यात लिहायचं नाही.

आमची पेट्रोलची गाडी अकरा वर्षांची झाली. ती बदल्यात देऊन विजेवरची घ्यायची, हे ठरलं आहे. कोणती, हेही ठरलं आहे. उरलेला प्रश्न एकच: लहान बॅटरीची की मोठ्या बॅटरीची. कंपनीच्या मते लहान बॅटरी दोनशे ऐंशी किलोमीटर जाते. जाहिरातीतले किलोमीटर आणि लग्नाच्या जाहिरातीतली उंची एकाच फुटपट्टीने मोजत असावेत. एसी, चढ, काही वर्षांनी होणारी झीज आणि वीस टक्के राखीव धरून मला दीडशे भरवशाचे वाटतात. मोठीचे दोनशे साठ.

नवऱ्याला मोठी हवी आहे. "असू दे गं. अडीनडीला लागते."

अडीनडी किती किलोमीटरची, असं विचारलं तर नुसता हसला.

तो दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या दुरुस्त करतो, त्यामुळे गाडी दिवसभर त्याच्याकडेच असते. मी प्रयोगशाळेत पायी जाते. म्हणून त्याला एक तक्ता आखून दिला: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर. येत्या सोमवारपासून चार आठवडे भरायचा. आकडे सांगतील ती बॅटरी घ्यायची.

"आणि आकडे खोटं बोलले तर?"

"आकडे बोलत नाहीत. माणसं बोलतात."

"तुझ्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी. वेळ लिहून ठेवशील."

७ फेब्रुवारी, शनिवार

शोरूमला गेलो. विक्रेता पंचविशीचा, टाय घट्ट, बोलणं सैल. बॅटरीच्या तापमानाबद्दल विचारलं तर सीटच्या कापडाबद्दल सांगितलं. यापुढे याला टायवाला म्हणेन.

गाडी माझ्या नावावर होईल, कारण कर्मचाऱ्यांची सवलत माझ्या नोकरीत आहे. टायवाल्याने फोनवर ॲप दाखवलं. गाडी कुठे आहे, किती चालली, कुठे किती वेळ उभी होती, कुठे चार्ज झाली, सगळं मालकाला दिसतं.

"सगळं म्हणजे?" नवऱ्याने विचारलं. "मागच्या महिन्यातलंसुद्धा?"

"सर, वर्षभराचं! एकदम पारदर्शक."

"आणि बंद करता येतं का ते?"

"सर, बंद कशाला करायचं? लोक याच्यासाठी तर घेतात."

इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा तांत्रिक प्रश्न विचारले. एक नाही, तीन. मला बरं वाटलं.

परतताना म्हणाला, "अजून दोन वर्षं ही जुनीच चालवली तर? इंजिन चांगलं आहे." त्याच्यात धरसोड फार.

१५ फेब्रुवारी, रविवार

तक्ता रोज भरला जातो आहे. दारामागच्या खिळ्याला अडकवला आहे. काल शनिवारी हा कामाला गेला होता. नोंद ४३ किलोमीटर.

सकाळी चहा गाळताना एकदम म्हणाला, "तू लहानपणी जिना उलटा चढायचीस ना? पाठ वर करून?"

हो, चढायचे. हे मी त्याला कधी सांगितलं ते आठवत नाही. सांगितलं असणार, नाहीतर त्याला कळणार कुठून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पार्किंगमध्ये चार्जिंगची जोडणी हवी म्हणून इमारतीच्या सेक्रेटरींना भेटले. अर्ज, नकाशा, भाराचा हिशेब, सगळं नेलं होतं. त्यांनी कागद उलटा धरून वाचला.

"मॅडम, तुमच्या गाडीमुळे आमच्या लिफ्टमध्ये करंट उतरला तर?"

मी सांगितलं की मीटर वेगळा, वायर वेगळी, अर्थिंग वेगळं. वायर तांब्याची आणि सहा चौरस मिलिमीटरची, कारण इस्त्री दहा मिनिटं चालते आणि गाडी तासन्‌तास पूर्ण भार ओढते. वायर बारीक असली किंवा मध्ये कुठे कच्चा जोड असला तर तो तापतो, तापला की आणखी सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. म्हणून मध्ये जोड नाही. शिवाय गळती झाली तर क्षणात बंद पडणारा स्विच.

"गळती तर वरच्या टाकीलाही आहे," ते म्हणाले. "तिला बसेल का हो हा स्विच?"

तरीही सही केली. मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही फार पक्क्या आहात. घरच्यांचं अवघड असेल."

२८ फेब्रुवारी, शनिवार

हा सकाळी सहाला गेला, संध्याकाळी सहाला आला. नोंद ४७ किलोमीटर. शहरातली वाहतूक हाताबाहेर गेली आहे.

शर्टाच्या बाहीवर बारीक पांढरे केस चिकटलेले होते. बहुधा एखाद्या दवाखान्यात मांजर पाळलं आहे. दातांच्या दवाखान्यात मांजर असणं बरोबर नाही, पण तो माझा विषय नाही.

८ मार्च, रविवार

चार आठवडे पूर्ण. तक्त्याची बेरीज १,८७०. एका दिवसातलं कमाल अंतर १३१. म्हणजे लहान बॅटरी पुरेशी आहे.

मात्र सवयीने मी सुरुवातीला आणि शेवटी गाडीतलं किलोमीटरचं रीडिंग टिपून ठेवलं होतं. त्यांच्यातला फरक २,१९६. जास्तीचे ३२६. सतरा टक्क्यांची चूक.

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या मीटरचा डबा बदलला होता. दुसऱ्या मॉडेलचा बसवला असेल तर चाकाच्या फेऱ्यांचं गणित चुकतं आणि मीटर जास्त दाखवतो. नव्या गाडीबरोबर हा प्रश्न सुटेल, पण जुनी देताना लिहून द्यावं लागेल. तपासायला हवं.

११ मार्च, बुधवार

अर्धी रजा घेतली आणि नवऱ्याकडून तेवढ्यापुरती गाडी मागून घेतली. बाह्यवळणाच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. दहा किलोमीटरच्या तीन फेऱ्या केल्या. मीटरने दाखवले १०.१, १०.१, १०.१.

यंत्र बरोबर आहे.

घरी येऊन तक्ता खिळ्यावरून काढला आणि टेबलावर सपाट ठेवला.

माझ्या प्रयोगशाळेत कारखान्यांचे मीटर तपासायला येतात, आणि त्यांच्याबरोबर रोजच्या नोंदींची रजिस्टरं. त्यातली कोणती यंत्रापुढे उभं राहून लिहिली आणि कोणती टेबलाशी बसून भरली, हे मी पान उलटता उलटता सांगते. ऑफिसात मला त्यासाठीच ठेवलं आहे. टेबलाशी भरलेल्या पानावर पेन एकच असतं, अक्षर सगळ्या दिवसांचं सारखं तिरकं असतं, कुठे खाडाखोड नसते. आणि माणूस आकडे बनवतो तेव्हा शेवटी शून्य आणि पाच टाळतो, ते बनावट वाटतील या भीतीने.

हा तक्ता दारामागे चार आठवडे लटकत होता. चोवीस नोंदी. शून्य आणि पाच एकदाही नाही.

यावर आज लिहायचं नाही.

१४ मार्च, शनिवार

पहाटे तो अंघोळीला गेला तेव्हा खाली जाऊन रीडिंग घेतलं. संध्याकाळी भाजी आणायला जाते म्हणून पुन्हा घेतलं. फरक २०८. आधीच्या चार आठवड्यांतले जास्तीचे ३२६, अधिक चौदा आणि अठ्ठावीस फेब्रुवारीला तक्त्यात लिहिलेले ४३ आणि ४७, म्हणजे ४१६. दोनदा २०८.

जेवताना म्हणाला, "आज जवळच होतो. बाजारपेठेतला दवाखाना."

मी वाढलं.

नंतर नकाशा काढला. दोनशे आठचे निम्मे एकशे चार. इथून रस्त्याने एकशे चार किलोमीटरवर तीन ठिकाणं आहेत: एक कारखान्याची वसाहत, एक धबधबा आणि एक लहान शहर. त्या लहान शहरात मी अठरा वर्षं राहिले.

नकाशा बंद केला.

१६ मार्च, सोमवार

पहिल्या पानावरचा नियम मोडते आहे, म्हणून थोडक्यात.

वडील वीज कंपनीत होते. घरोघर जाऊन मीटर वाचायचे. आकडा दिसला तसा लिहायचा, हे मला त्यांनी शिकवलं. सहा वर्षांपूर्वी आईचा रिपोर्ट अकरा जानेवारीला आला. मी शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर. वडील रोज फोनवर सांगायचे, "आई बरी आहे, झोपली आहे." मला खरं कळलं सव्वीस फेब्रुवारीला, शेवटच्या पेपरनंतर. आई चार मार्चला गेली. एकूण बावन्न दिवस होते, त्यांतले मला सहा मिळाले.

त्यांचं म्हणणं, माझ्या भल्यासाठी केलं. मी पहिल्या वर्गात पास झाले. त्यानंतर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचा नंबर काढून टाकला. लग्नाला बोलावलं नाही.

नवऱ्याला हे सगळं लग्नाआधी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मी तुझ्यापासून काही लपवणार नाही." तारीखही माझ्याकडे आहे.

२० मार्च, शुक्रवार

आज बॅटरीचा निर्णय कळवायची मुदत होती. दोघंही शोरूमला गेलो. टायवाल्याने विचारलं, "मग मॅडम, मोठी ना?" हा घाईघाईने "हो" म्हणाला. मी तक्ता पुढे केला.

"नोंदींप्रमाणे कमाल अंतर एकशे एकतीस आहे. लहान बॅटरी पुरेशी आहे." सही केली.

परतताना गाडी तो चालवत होता. सिग्नलला म्हणाला, "तुला माहिती आहे."

"काय?"

"तक्ता मी घरात बसून भरला ते."

"मला फक्त नोंदी माहिती आहेत."

"अगं, तोंडावर खोटारडा म्हण मला. पण असं तक्त्याआडून मारू नकोस."

"मग खरी नोंद दे. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्याने गाडी हलवली नाही.

"चौदा फेब्रुवारी," तो म्हणाला. "घर ते तुझे बाबा. जाऊन येऊन दोनशे आठ. अठ्ठावीस फेब्रुवारी, तेच. चौदा मार्च, तेच. आणखी मागचं हवंय? वर्ष झालं."

मग गाडी कडेला घेऊन त्याने सांगितलं. वडील मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड. शेजारच्या बाईंनी फोन केला तो याला.

"मला का नाही?"

"त्यांनी बजावलं होतं. तिला त्रास देऊ नका, तिची बढतीची वेळ आहे."

"म्हणजे पुन्हा माझ्या भल्यासाठी."

"तुला सांगितलं असतं तर आली असतीस?"

"तो माझा प्रश्न होता. तुम्ही दोघांनी उत्तर परस्पर भरून टाकलंत."

मग मीच विचारलं, "काय करतोस तिथे?"

"केस कापतो. नखं कापतो. औषधं आणतो. गप्पा मारतो. खुर्चीतल्या माणसाशी एकट्यानेच बोलत राहायची सवय आहे मला." हसायचा प्रयत्न केला. "तुझ्याबद्दल विचारतात. मी खोटं सांगतो."

"काय?"

"की तू त्यांच्याबद्दल विचारत असतेस."

इमारतीच्या फाटकाशी म्हणाला, "टायवाल्याला फोन कर. मोठी घेऊ. लहान गाडी तिथे जाऊन परत येणार नाही, तुला माहिती आहे. वाटेतला चार्जर चार महिने 'लवकरच सुरू' आहे."

माहिती आहे. एकशे चार जाता येतं. परतायचं तर तिथे साडेतीन तास चार्ज करावं लागेल.

फोन केला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

पार्किंगमधली जोडणी झाली. वायर सहाची, तांब्याची, अखंड. अर्थिंग मी स्वतः मोजलं. सेक्रेटरी उभे राहून बघत होते. "आमच्या इमारतीत एवढं पक्कं काम पहिल्यांदा झालं," म्हणाले.

घरात आम्ही एकमेकांशी नीट बोलतो. मीठ दे, दिवा घालव, किल्ली कुठे आहे.

१२ एप्रिल, रविवार

काल तो जुन्या गाडीने तिकडे गेला होता. आता सांगून जातो. तक्त्यात २०८ लिहितो, मी मागितलेला नसताना.

आज म्हणाला, "बाबांनी पोर्चमध्ये सॉकेट बसवून घेतलं. गाडीसाठी. वॉकर भिंतीला टेकवून इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभे होते. त्याला म्हणाले, नीट कर बाबा, माझ्या मुलीची गाडी यायची आहे."

"वायर किती जाडीची टाकली?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू विचार. नंबर तोच आहे त्यांचा."

मी विचारलं नाही. चाळीस वर्षांचं घर आणि त्यात सोळा अँपिअरचं सॉकेट. ज्याने आयुष्यभर मीटर वाचले त्याला मीटरच्या पुढचंही कळत असेल, असं मनाशी म्हटलं. मीटर वाचणं आणि वायर टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला माहीत आहे. तरीही तसं म्हटलं.

२ मे, शनिवार

गाडी मिळाली. रंग राखाडी. टायवाल्याने पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली आमच्या हातात दिली आणि फोटो काढला. "सर, मॅडमच्या जरा जवळ या. अजून जवळ. अहो, नवी गाडी आहे, टॅक्सीसारखा मीटर पडत नाही!"

घरी येताना दोघंही गप्प होतो, त्यामुळे गाडी किती शांत चालते ते नीट ऐकू आलं.

९ मे, शनिवार

हा सकाळी सातला निघाला. मी ॲप उघडायचं नाही असं ठरवलं होतं. उघडलं.

नऊ बत्तीसला पोहोचला. नऊ पन्नासला चार्जिंग सुरू झालं. सुरू होण्याआधी व्होल्टेज २२९, पंधरा अँपिअर ओढायला लागल्यावर २०३. जुन्या घरात एवढं पडतं. मी कपडे वाळत घातले.

दहा वीसला १९९. दहा चाळीसला १९४.

भार तोच असताना व्होल्टेज पडून स्थिर राहिलं तर वायर बारीक आहे. पडतच राहिलं तर कुठला तरी जोड तापतो आहे. दहा पंचावन्नला १८८. म्हणजे सहाशे वॅट त्या घराच्या भिंतीत कुठेतरी उष्णता होऊन बसत होते. एवढ्यात इस्त्री चालते.

ॲपमध्ये चार्जिंग थांबवायचं बटण आहे. ते फक्त कंपनीच्या भिंतीवरच्या चार्जरला चालतं, साध्या केबलला नाही. तरी तीनदा दाबलं. नवऱ्याला चार फोन केले. वाजत राहिले.

मग वडिलांचा नंबर लावला. फोनमध्ये नव्हता. लागला.

"हॅलो."

"नमस्कार काका. गाडीच्या कंपनीतून बोलतेय."

हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं.

तिकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "बोला."

"तुमच्याकडे आत्ता एक गाडी चार्जिंगला लावली आहे."

"आहे. माझ्या मुलीची आहे."

"तुमची वायर तापते आहे. मेन स्विच बंद करायला हवा. सॉकेटला हात लावू नका, केबल ओढू नका. आधी मेन. घरात आणखी कोणी आहे?"

"जावई औषधं आणायला गेलेत. फोन त्यांचा इथेच वाजत होता मघापासून. मेन मागच्या बाजूला आहे. मला वेळ लागतो चालायला."

"लागू दे. फोन ठेवू नका."

वॉकर टेकल्याचा आवाज, पाय घासल्याचा, पुन्हा वॉकर. मी मोजत होते. फोन बहुधा खिशात होता, श्वास ऐकू येत होता.

"काका, कसला वास येतोय का?"

"येतोय. प्लॅस्टिकसारखा. मला वाटलं शेजारी काही जाळतायत."

"भिंतीपासून लांबून चला. मागच्या दाराला पायरी आहे, सावकाश."

वॉकर थांबला.

"आहे," ते म्हणाले. "सावकाशच उतरतो."

एकतीस पावलं झाली. मग खट् असा आवाज. अकरा वाजून सहा मिनिटांनी ॲपवर चार्जिंग थांबल्याची सूचना आली.

"बंद केला."

"आज पुन्हा लावायचं नाही. कंपनीची मदतगाडी येईल आणि ही गाडी घेऊन जाईल. किती जाडीची वायर टाकली होती?"

"अडीचची. मीटरपासून जुनीच आहे, मध्ये जोड मारलाय. तो म्हणाला, चालतं." दम खात होते. "माझी मुलगी यातलीच आहे. तिला विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाही?"

हा प्रश्न कंपनीतल्या बाईने विचारायचा नव्हता.

"वेळेवर सांगायचं मला जमत नाही," ते म्हणाले. "एकदा फार उशीर केला होता. मला वाटलं होतं, तिचं चांगलं करतोय. चुकलं माझं. तिला तोंडाने कधी म्हटलं नाही, पण चुकलं."

माझ्या हातात पेन होतं. कागदावर १८८ लिहिलेलं होतं, त्याच्याभोवती मी चौकट काढत होते.

"ठीक आहे काका," मी म्हटलं. "तक्रार नोंदवून घेतली आहे."

"बरं केलंत फोन केलात."

मदतगाडीला कळवलं. पत्ता पिनकोडसह सांगितला. मग पंधरा मिनिटं बसून राहिले.

त्यांनी मला ओळखलं नाही. सहा वर्षांत आवाज बदलत असेल, किंवा त्यांना कमी ऐकू येत असेल. कंपनीला त्यांचा नंबर कुठून मिळाला, हे त्यांनी विचारलं नाही. माझं नाव विचारलं नाही. अनोळखी बाईने फोनवर सांगितलं आणि यांनी मेन बंद केला, वर घरातलं सगळं सांगून टाकलं. अशाच म्हाताऱ्या माणसांना लोक फसवतात. नवऱ्याला सांगायला हवं की त्यांना जरा सावध करून ठेव.

१० मे, रविवार

गाडी काल संध्याकाळी सहाला मदतगाडीवर चढून परत आली. नवरा ड्रायव्हरशेजारी बसून. सॉकेटच्या मागची भिंत हातभर काळी झाली आहे म्हणे. आणखी वीस मिनिटं गेली असती तर वरचा लाकडी माळा पेटला असता, असं तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला. तोच, जो म्हणाला होता चालतं.

तिथे सहाची वायर टाकावी लागेल, मीटरपासून अखंड, एकवीस मीटर. घराची लांबी मला पाठ आहे. कागदावर सगळं लिहून नवऱ्याला दिलं आणि म्हटलं, "कंपनीने सांगितलंय असं सांग."

त्याने कागद घेतला. माझं अक्षर बघितलं. मग फोन काढून कालचे माझे चार मिस्ड कॉल बघितले, वेळेसकट. तो असं काही बघत नाही कधी.

"बाबा म्हणत होते, बाई फार कामाची होती," तो म्हणाला. "नीट समजावून सांगत होती. त्यांनी सकाळपासून फोन करून मला तीनदा विचारलं."

"काय?"

"त्या बाईंचा परत फोन येईल का. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, काम झालं की कंपन्या फोन करत नाहीत.